आई-बाबा अमेरिकेत आजारी पडले तर

(दृश्य: उघडी बॅग. गोडा मसाल्याच्या पुड्या, गोळ्यांच्या पट्ट्या, फाइल.)

मुलांकडे बी-२, म्हणजे पर्यटक व्हिसावर अमेरिकेत जाणाऱ्या आई-बाबांना मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, मिळत नाही. लेकाच्या कंपनीच्या विम्यातही सहसा त्यांचं नाव घालता येत नाही. उरते ती वेगळी घेतलेली व्हिजिटर पॉलिसी.

तिचे दोन प्रकार. एकात प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते. हप्ता कमी, म्हणून पुष्कळजण हीच घेतात. समजा, स्कॅनला ५०० डॉलर लिहिलेत आणि बिल आलं ३,००० चं. वरचे २,५०० तुमचे. दुसरी कॉम्प्रिहेन्सिव्ह. समजा, पहिले २५० डॉलर डिडक्टिबल म्हणून तुम्ही भरायचे, पुढच्या ५,००० वर विमा कंपनी ८० टक्के देणार आणि त्यापुढे पॉलिसीच्या मर्यादेपर्यंत सगळं. मग १२,००० च्या बिलात खिशातून जातात १,२५०. सत्तरीला हिचा हप्ता जड जातो हे खरं, तरी स्वस्तातली घ्या असं आम्ही सांगणार नाही.

(दृश्य: पॉलिसीच्या पानावर फिरणारं बोट.)

मधुमेह, रक्तदाब असे जुने आजार बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत. अपवाद सहसा एकच, ‘अ‍ॅक्यूट ऑनसेट’चं कलम. त्रास अचानक, काही पूर्वसूचना न देता व्हायला हवा आणि उपचार बहुधा २४ तासांच्या आत सुरू व्हायला हवेत. साखर महिनाभर वाढत राहिली तर हे कलम उपयोगाचं नाही. छातीत एकदम कळ आली आणि लगेच दवाखाना गाठला, तर लागू पडू शकतं. ‘बघू उद्या’ म्हणत दुखणं अंगावर काढलं, की जिवाचा धोका वाढतो आणि क्लेमही हातचा जातो. या कलमाला वयाची अट असते. विकत घेताना तीच आधी वाचा.

गोळ्या मूळ पट्टीतच न्या. साधारण ९० दिवसांचा साठा चालतो. सोबतच्या चिठ्ठीवर ब्रँड नको, औषधाचं मूळ नाव हवं. इथल्या चिठ्ठीवर तिथला केमिस्ट औषध देत नाही.

ताप, मुरगळलेला पाय, लघवीची जळजळ यासाठी अर्जंट केअर, म्हणजे किरकोळ पण लगेचच्या दुखण्यांचा दवाखाना, गाठा. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं असेल तर ९११ या आपत्कालीन नंबरवर फोन. इमर्जन्सी रूमला १९८६ च्या कायद्याने पैशाआधी रुग्ण तपासावा लागतो. मात्र साध्या सर्दीसाठी तिथे गेलात, तर काही पॉलिसी जादा डिडक्टिबल लावतात.

(दृश्य: रिसेप्शनचं काउंटर, कार्डाची मागची बाजू.)

काउंटरवरच्या माणसाला व्हिजिटर पॉलिसीचं कार्ड बहुधा ओळखीचं नसतं. तो ‘सेल्फ पे’, म्हणजे पैसे रुग्णच भरणार, असं लिहून मोकळा होतो. कार्डामागच्या नंबरवर त्याला तिथल्या तिथे फोन करायला लावा. भरती झाली तर कंपनीला कळवायचंच, बहुधा ४८ तासांत. नाहीतर मिळणारी रक्कम कापली जाते. आणखी एक: फॉर्मवर ‘गॅरंटर’ म्हणून लेकाने सही केली, की बिलाची जबाबदारी त्याच्यावर येते. आई शुद्धीवर असेल तर सही तिचीच असू द्या.

बिल एक येत नाही. हॉस्पिटलचं वेगळं, डॉक्टरांचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं, अ‍ॅम्ब्युलन्सचंही वेगळं. नुसता एकूण आकडा क्लेमला चालत नाही. निदानाचे आणि उपचारांचे कोड असलेलं तपशीलवार बिल मागा. हॉस्पिटलचा फॉर्म यूबी-०४, डॉक्टरांचा सीएमएस-१५००. जोडीला पासपोर्ट आणि आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद, यांच्या प्रती. आजार जुना होता का, हे पाहायला कंपनी भारतातले कागद मागते आणि क्लेम सगळ्यात जास्त रखडतो तो इथेच. म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांचे रिपोर्ट स्कॅन करूनच विमानात बसा.

आई-बाबा परतल्यावरही बिलं येत राहतात. प्रत्येक हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाला क्लेम नंबर द्या, निकाल लागेपर्यंत खातं ‘होल्ड’वर ठेवायला सांगा, आणि कंपनीचा हिशेब हाती येईपर्यंत घाईने कार्ड स्वाइप करू नका.