मुलाखतीआधी घरचा उतारा वाचा

(पुण्यातल्या एका अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

नमस्कार. फळ्यावर विषय लिहिलाय 'मुलाखतीची तयारी', आणि समोर सगळ्यांच्या वह्या उघड्या दिसताहेत. वह्या जरा मिटा. मुद्दे सांगणार आहे, त्यासाठीच मला बोलावलंय. पण आधी एक गोष्ट सांगतो. ती माझ्या मनातून जात नाही.

महसूल खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी अभिरूप, म्हणजे सरावाच्या, मुलाखतींना पॅनेलवर बसतो. अर्जात 'वडिलांचा व्यवसाय : शेती' असं दिसलं की माझा एक प्रश्न ठरलेला असतो. सातबाऱ्याला सातबारा का म्हणतात? उत्तर येतं, 'जमिनीचा उतारा, सर.' अहो, उतारा खराच. पण त्यातला सात कुठला आणि बारा कुठला? गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख. जमीन कुणाच्या नावावर, पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारी जमीन किती, इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे का, हे सगळं त्यात. नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. तलाठ्याच्या दप्तरात असे एकवीस नमुने असतात, त्यातले हे दोन एका कागदावर आले. हा कागद ज्यांच्या घरी ट्रंकेत जपून ठेवलेला आहे, ती मुलं मला जागतिक संघटनांच्या मुख्यालयांची यादी घडाघडा म्हणून दाखवतात. मला खरंच वाईट वाटतं.

आणि यात दोष मुलांचा नाही. एका क्लासने छंदांवरची उत्तरं छापून दिली होती. एकाच दुपारी तीन मुलांचा छंद ट्रेकिंग निघाला, आणि तिघांचं पहिलं वाक्य शब्दाला शब्द सारखं! तिसऱ्याला मी म्हटलं, 'राजगडाच्या बालेकिल्ल्याची चढण कशी आहे, सांगा.' तो खाली बघायला लागला. कष्टाळू मुलगा होता. त्याच्या तोंडी दुसऱ्याचं वाक्य कुणी घातलं? (हसताय, पण हात वर करा, छंदात 'वाचन' किती जणांनी लिहिलंय? ठीक आहे, खाली करा.)

तर ती गोष्ट. माण तालुक्यातली एक मुलगी समोर बसली होती. अभ्यास उत्तम. महिलांच्या मालमत्ता हक्कावर प्रश्न आला, तर तिने हिंदू उत्तराधिकार कायद्यातली महाराष्ट्राची दुरुस्ती २२ जून १९९४ पासूनची आणि केंद्राची ९ सप्टेंबर २००५ पासूनची, दोन्ही तारखांसकट सांगितल्या. मी विचारलं, 'तुमच्या घरच्या सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत?' म्हणाली, 'वडिलांचं असेल, सर.' असेल! मी म्हटलं, चहाच्या सुट्टीत घरी फोन करा.

भावाने ट्रंकेतल्या जुन्या, हाताने लिहिलेल्या उताऱ्याचा फोटो पाठवला. घडीवर कागद फाटलेला, निळी शाई पसरलेली. आम्ही दोघांनी मोबाइलवर मोठा करून वाचला. वडिलांचं नाव, आणि त्याखाली दोन नावं कंसात. तिच्या दोन्ही आत्या. तुमच्यातल्या शहरी मुलांसाठी सांगतो, नाव कमी झालं की जुन्या उताऱ्यावर त्याला कंस करायचे. आता संगणकावरच्या उताऱ्यात आडवी रेघ मारतात. शेजारी फेरफाराचा, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा, नंबर होता. आजोबा गेले, वारस म्हणून आत्यांची नावं लागली, मग त्यांनी आपला हिस्सा सोडल्याचं हक्कसोडपत्र झालं आणि नावं कंसात गेली. कायद्याच्या तारखा पाठ असलेल्या मुलीला स्वतःच्या घरातले हे कंस माहीत नव्हते.

ती बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिली. सुट्टी संपल्यावर मी विचारलं, 'समजा तुम्ही तहसीलदार आहात. एक बाई येऊन सांगते, हक्कसोडपत्रावर माझी सही दबावाखाली घेतली. काय कराल?' ती म्हणाली, 'सर, आत्ता बोलले तर ते वाचलेलं बोलेन. मला एक आठवडा द्या.'

पुढच्या रविवारी आली ती धाकट्या आत्याशी बोलूनच. आत्या म्हणाली होती, 'दबाव कुणी नाही टाकला गं. पण सही केली नसती तर दिवाळीला कुठं आले असते?' माहेर तुटू नये म्हणून दोन बहिणींनी जमीन सोडली होती. मग मुलीने उत्तर दिलं. नोंदणीकृत दस्त रद्द करायचा अधिकार तहसीलदाराला नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालय. पण फेरफाराची नोटीस त्या बाईला खरंच पोचली होती का, हे मी कागद काढून बघेन, आणि तिला कुठे दाद मागायची ते समजावून लिहून देईन. आणि सर, सही करायला आलेल्या बाईशी तिच्या भावांना बाहेर बसवून कुणीतरी बोलावं, असं मला वाटतं. आम्ही तिघं पॅनेलवाले काही वेळ बोललोच नाही. मी तीस वर्षं नोंदी पाहिल्या, भावांना बाहेर बसवायचं मला कधी सुचलं नव्हतं.

ती त्या वर्षी यादीत आली का, हे तुम्ही विचारणारच. नाही आली, लेखीत कमी पडली. पुढच्या वर्षी आली.

संयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरं, उघडा आता वह्या.

नव्या पद्धतीत लेखी १,७५० आणि मुलाखत २७५, एकूण २,०२५. पूर्वी ९०० पैकी १०० होते, म्हणजे मुलाखतीचं वजन वाढलंय. पॅनेलला उलटतपासणी करायची नसते, गप्पांमधून माणूस समजून घ्यायचा असतो. त्यामुळे तयारी अर्जापासून सुरू करा. अर्जातल्या प्रत्येक शब्दावर आपणच पाच प्रश्न काढा. गावाचं नाव लिहिलंत? ग्रामपंचायतीत सदस्य किती, सात ते सतरापैकी नेमके किती, पाणी कुठून येतं, शाळा कितवीपर्यंत. पदवी कुठल्या विषयाची, त्यातली एक गोष्ट आजीला समजेल अशी सांगता आली पाहिजे. पदांचा पसंतीक्रम का तसा, याचं खरं कारण.

माहीत नसेल तर 'माहीत नाही, सर' एवढंच, लगेच, खाली न बघता. अंदाज करायचा असेल तर परवानगी घेऊन. मत विचारलं तर मत द्या, दोन्ही बाजू सांगून मधेच थांबू नका. पण समोरच्याचा मुद्दा पटला तर तसंही म्हणा. मराठीत विचार करत असाल तर मराठीतच बोला. केंद्राच्या परीक्षेतही मुलाखत मराठीत देता येते. कपडे इस्त्रीचे आणि सवयीचे. नवे बूट आदल्या आठवड्यात वापरून बघा. आदल्या रात्री वर्तमानपत्र वाचून झोपा, नोट्स नकोत. आवाज ऐकू येईल एवढा, वेग कमी.

मागून प्रश्न आला, शेती नसेल तर? मालमत्ता पत्रक असेल, रेशन कार्ड असेल, आईचा बचत गट असेल. गटाची वही मागा, व्याज कसं लावतात ते आईकडून शिका.

पुढच्या रविवारी इथेच अभिरूप मुलाखती आहेत. उतारा घेऊन या. डिजिटल स्वाक्षरीचा पंधरा रुपयांत मिळतो, पण ट्रंकेत जुना असेल तर त्याचा फोटोही आणा, पाठपोट.