गेमच्या डब्याला वारा लागू द्या

नमस्कार मंडळी. दुपारची वेळ आहे, कूलर सुरू असेल, पोरं आडवी पडलेली असतील. अकोल्यात मे महिना म्हटलं की पारा ४५ च्या आसपास जातोच, त्यात नवीन काही नाही, आणि शाळेला सुट्ट्या म्हणजे घराघरात टीव्हीसमोर गेम सुरू. खेळू द्या, या उन्हात बाहेर हुंदडण्यापेक्षा घरात खेळलेलं बरं. आज मला बोलायचंय ते ज्या डब्यावर ते खेळतायत त्या डब्याबद्दल. सोनीच्या प्लेस्टेशनचा पीएस४ असेल, पीएस५ असेल, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स असेल, निन्टेंडो स्विच असेल, आमच्या घरात सगळ्याला एकच नाव, गेमचा डबा. तर या डब्याला उन्हाळ्यात काय होतं, आणि आपण काय करायचं, एवढंच.

आधी माझ्या घरचंच सांगतो. चारेक वर्षं झाली असतील. पोराने स्वतःचे साठवलेले पैसे आणि आजीने दिलेले असे मिळून सेकंडहँड कन्सोल आणला. घरात नवीन वस्तू आली की ती जपायची हे आपल्याकडे रक्तातच असतं, मग तो गेला थेट शोकेसमध्ये, काचेच्या सरकत्या दाराच्या आत, आणि आईने त्याच्यासाठी हौसेने क्रोशाचं कव्हर विणलं, पांढरं, कडेला निळी फुलं. सगळ्यांना वाटलं आता धूळ लागणार नाही, आता हा दहा वर्षं टिकतो. एप्रिल लागला आणि डबा ओरडायला लागला, म्हणजे आतला फॅन इतका जोरात फिरायचा की टीव्हीचा आवाज वाढवावा लागायचा, आणि मग एके दिवशी अर्ध्या तासात स्क्रीनवर मेसेज, खूप गरम झालाय, बंद करा, आणि बंदच पडला. मला वाटलं व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे. स्टॅबिलायझर आणून लावला, त्यात पैसे गेले, दोन दिवसांनी परत तेच. मग कधीतरी शोकेसच्या मागच्या प्लायला हात लागला आणि पटकन मागे घेतला, तव्यासारखी तापलेली होती ती. तेव्हा डोक्यात उजेड पडला.

आता हे असं का होतं ते समजून घ्या, कारण हे एकदा कळलं की बाकीचं सांगायची गरजच पडत नाही. मोठा गेम सुरू असताना पीएस५ साधारण २०० वॉट वीज खातो. जुने पिवळे बल्ब आठवा, १०० वॉटचे, तसे दोन बल्ब एका डब्यात लावून ठेवल्यासारखं झालं, कारण जेवढी वीज आत जाते ती जवळपास सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर येते. ही उष्णता चिपमध्ये तयार होते, तिथून धातूच्या पातळ पातळ पात्यांच्या गठ्ठ्यात जाते, ज्याला हीटसिंक म्हणतात, आणि फॅन त्या पात्यांतून हवा ढकलून ती उष्णता बाहेर फेकतो. बस. फॅन गारवा तयार करत नाही हो! हे फार जणांना वाटतं. तो फक्त खोलीतली हवा आत घेतो आणि तापवून बाहेर सोडतो, म्हणजे खोलीतली हवा ४० अंश असेल तर डब्याला मिळणारी सगळ्यात थंड हवासुद्धा ४० अंशच. सोनी आणि निन्टेंडो दोघांनीही आपल्या मशीनला खोलीचं तापमान ५ ते ३५ अंश सांगितलंय, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत ३५ दुपारी किती वेळ राहतं ते तुम्हीच बघा.

त्यात काचेचं दार लावलं तर काय होतं, मागून बाहेर पडलेली गरम हवा जायला जागा नाही, ती फिरून परत पुढून आत, अजून तापून बाहेर, परत आत. स्वयंपाकघराला धूर निघायला वाटच ठेवली नाही आणि चूल पेटवली तर जे होईल तेच. धाब्याच्या घरांना छतात भोक ठेवायचे ना जुने लोक, ते उगीच नाही.

म्हणून मी सगळ्यांना पहिलं सांगतो ते साफसफाईचं नाही, जागेचं सांगतो. लोक ब्रश घेऊन, ब्लोअर घेऊन मागे लागतात आणि डबा परत त्याच कपाटात कोंबतात. जागा बदला आधी. भिंतीपासून किमान १० सेंटीमीटर, म्हणजे आपली अख्खी मूठ अंगठा वर करून मध्ये सहज मावली पाहिजे, मागे पण आणि बाजूला पण. जाड सतरंजी, गादी, सोफा यावर नको, कारण खालची भोकं बुजतात आणि कापड उष्णता धरून ठेवतं. डब्यावर सेटटॉप बॉक्स नको, वायफायचा राउटर नको, त्यांची स्वतःची गरमी असते. आणि आपला डबा कुठून श्वास घेतो, कुठून सोडतो हे एकदा हात लावून बघा. पीएस५ पुढच्या बाजूने, त्या दोन पांढऱ्या प्लेटांच्या फटीतून हवा घेतो आणि मागून सोडतो. एक्सबॉक्स सिरीज एक्स उभा असतो, त्याची गरम हवा डोक्यावरच्या मोठ्या जाळीतून निघते, म्हणून त्याच्यावर रिमोट, चष्मा, पेपर, काही म्हणजे काही ठेवायचं नाही, आणि तो सपाट टेबलासारखा दिसतो म्हणून लोक नेमकं तेच करतात. स्विच मागून घेतो आणि वरच्या कडेच्या फटीतून सोडतो, तर पोरं तो हातात घेऊन चादरीच्या आत खेळतात रात्री, तेव्हा चादर ओढून काढा, डोळ्यांसाठीही आणि त्याच्यासाठीही.

कूलरबद्दल खास सांगायचंय कारण हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सुचणार नाही, हे आपलं विदर्भाचं आहे. लोकांना वाटतं कूलरची हवा थंड आहे ना, मग डबा कूलरच्या तोंडासमोर ठेवू. नका ठेवू. ती हवा ओली असते, कधी बारीक तुषार पण येतात, आणि आपलं बोअरचं पाणी किती जड आहे ते कूलरच्या जाळीवर साचलेला पांढरा थर बघून कळतंच, तोच क्षार आतल्या सर्किट बोर्डावर बसायला नको. खोलीत कूलर असू द्या, खोली गार होऊ द्या, पण झोत बाजूला वळवा. एसीवाल्यांचं वेगळं. एसीच्या खोलीतून उचलून दमट गरम खोलीत नेला की लगेच सुरू करू नका, थंड धातूवर पाणी धरतं, फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर धरतं तसं. कोकणात राहणाऱ्या आपल्या नातेवाईकांना पावसाळ्यात हे जास्त लागू आहे. तासभर तसाच राहू द्या. आणि बर्फाची पिशवी डब्यावर ठेवणारी पोरं मी पाहिलीत, त्याने पण हेच पाणी आत धरणार, कृपा करून करू देऊ नका.

उष्णतेने खरंच एवढं होतं का, असं कोणी विचारेल. एक्सबॉक्स ३६० चं उदाहरण घ्या. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये आला, आणि मग जगभर लोकांच्या मशीनवर लाल दिव्याची कडी पेटायला लागली आणि मशीन मेलेलं. चिपच्या खालच्या सोल्डरच्या, म्हणजे वितळवून लावलेल्या धातूच्या, बारीक बारीक जोडण्या तापून फुगायच्या, बंद केलं की गार होऊन आकसायच्या, असं रोज होऊन होऊन तडकायच्या. २००७ च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने त्यासाठी वॉरंटी ३ वर्षांची केली आणि त्यासाठी १०० कोटी डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढली. विचार करा, तिथे डबा तापला तर कंपनीला एवढं पडलं. त्या काळात लोक बंद पडलेला डबा टॉवेलात गुंडाळून मुद्दाम तापवायचे, म्हणजे सोल्डर परत चिकटेल म्हणून, कधीकधी चार दिवस चालायचा पण, आणि मग कायमचा जायचा. हा उपाय अजून लोक एकमेकांना सांगतात. करू नका, त्यात आगीचा पण धोका आहे.

आता धूळ. अकोल्याची धूळ वेगळी आहे मंडळी. रस्त्याची माती तर आहेच, पण आपण कापसाच्या मुलखात राहतो, घरात रुईच्या गाद्या, लोड, तक्के, दर दोन-तीन वर्षांनी गादी पिंजायची, ते बारीक तंतू हवेत असतात आणि फॅन ते ओढतो. नुसती माती असती तर फुंकरीने उडाली असती, पण त्यात फोडणीचा तेलकट धूर आणि अगरबत्तीची काजळी मिसळली की हीटसिंकच्या पात्यांवर नमद्यासारखा थर बसतो, मी स्वतः चिमट्याने अख्खी पट्टी सोलून काढलीय. तेवढ्या थराने वारा अडतो, फॅन अजून जोरात फिरतो, अजून धूळ ओढतो. म्हणून डबा देवघराशेजारी नको आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या सरळ रेषेत पण नको. जमिनीवर तर मुळीच नको, झाडू मारताना सगळं त्याच्याच तोंडात जातं, दीड-दोन फूट वर असला तरी खूप फरक पडतो.

साफ कसा करायचा. पूर्ण बंद, प्लग काढलेला, गार झालेला. रंगकामाचा नवाकोरा मऊ ब्रश घ्या आणि भोकांवरची, फटींतली धूळ काढा, कपडा कोरडा. दर महिन्याला पाच मिनिटं, उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी. ब्लोअर वापरायचा असेल तर स्पीड कमी, लांबून, थोडं थोडं, आणि फॅनचं पातं दिसत असेल तर ते काडीने अडवून धरा, ब्लोअरच्या झोताने फॅन भणाणून फिरला की बेअरिंग जातं. दाबलेल्या हवेची बाटली मिळते ती उभीच धरायची, उलटी धरली की त्यातून गार द्रव बाहेर येतो. पीएस५ वाल्यांचं काम सोपं आहे, त्याच्या पांढऱ्या प्लेटा स्क्रूशिवाय निघतात, आत धूळ जमायला मुद्दाम दोन भोकं ठेवलीत, तिथे व्हॅक्यूमची नळी लावून ओढायची. सोनीने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये डबा उघडून दाखवला होता, त्यात १२० मिलिमीटरचा, ४५ मिलिमीटर जाडीचा फॅन आहे, भरपूर मोठा, पण त्याच्यापुढे जाऊन आतलं उघडू नका. चिपवर उष्णता पुढे नेणाऱ्या साध्या पेस्टऐवजी द्रवरूप धातू भरलाय, तो सांडून बोर्डावर गेला तर शॉर्ट होऊन सगळं जाईल. ४९,९९० रुपयांना आला होता तो आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला, एवढ्या पैशांची वस्तू आहे, आतलं काम जाणत्या कारागिराकडेच द्या.

आणि झुरळं. हे बोलायला लोक लाजतात, पण ऊब आणि अंधार मिळाला की झुरळ आत शिरणारच, त्यात घरच्यांचा काही दोष नाही. डब्याजवळ बसून चिवडा खाणं बंद, रात्री गेम झाला की प्लेट उचलायची, आणि स्प्रे डब्यावर मारायचा नाही, झुरळांची पेस्ट लावायची तर कपाटाच्या कोपऱ्यात.

आमचा तो डबा अजून चालू आहे. शोकेसमधून काढून उघड्या लाकडी स्टुलावर ठेवला. पहिल्याच दिवशी फॅनचा आवाज निम्म्यावर आला आणि पोरगं माझ्याकडे बघायला लागलं, मी त्याला म्हटलं, बाबा रे, माझंच चुकलं, स्टॅबिलायझर नको होता. कव्हरचं काय करायचं हा प्रश्न होता कारण आईने पंधरा दिवस खपून विणलं होतं, आणि तिला कसं सांगायचं? पण तिने ते स्वतःच काढलं आणि पाण्याच्या माठावर घातलं. गेम संपला की ती अजून डब्याच्या मागे हात नेऊन बघते, गरम असेल तर पोराला सांगते, आता त्याला थोडा वेळ पडू दे, मग झाक पंचाने. त्यावर फक्त रात्रीपुरता पातळ पंचा असतो, सकाळी सुरू करायच्या आधी तो काढायचा हे तिचं काम, आणि ती ते विसरत नाही.

येतो मंडळी. नमस्कार.