माळ मोकळा राहू द्या

(दृश्य : सकाळचं ऊन, सासवडजवळचा माळ)

पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला आलं, की पुढे जेजुरीकडे जाताना असे माळ लागतात. मुरूम, गोटे आणि घोट्याएवढी कुसळी. हा पर्जन्यछायेतला मुलूख. इथे झाडं मुळातच विरळ.

आता या गोट्यांकडे नीट बघा. मधला एक हलला. हा धाविक पक्षी. तांबूस छाती, डोळ्यामागून मानेकडे गेलेली काळी-पांढरी पट्टी. चार पावलं पळतो, थबकतो, ताठ उभा राहून कानोसा घेतो, पुन्हा पळतो. घरटं असं बांधतच नाही. दोन-तीन अंडी उघड्या जमिनीवर घालतो, आणि ती ठिपकेदार अंडी मुरमात अशी मिसळतात, की फूटभर अंतरावरूनही नजर घसरते. कुत्रं, कोल्हा, माणूस लांबूनच दिसला, तरच धाविक वाचतो. म्हणून त्याला उघडाच माळ लागतो.

(डोंबारीची शीळ)

हा डोंबारी, चंडोलाच्या कुळातला छोटा पक्षी. नर सरळ वर चढतो, पंख मिटून खाली झेपावतो, जमीन यायच्या आत पुन्हा वर. थंडीत मध्य आशियाकडून भोवत्या येतात. नाकतोड्यांवर पोसणारे हे शिकारी पक्षी रात्रीही गवतातच, जमिनीवर उतरतात. आणि ही धनगरांची मेंढरं. ती फिरतात म्हणून गवत खुरटं राहतं.

(दृश्य : जेसीबी, रंगीत झेंडे)

माळावर प्लॉट पडायचे, की आधी मुरमाचा रस्ता होतो. मग चुन्याच्या रेघा, झेंडे, सिमेंटचे खांब, तारेचं कुंपण. बंगला उभा राहायला वर्षं लागतात, पण मेंढरांची वाट त्याच दिवशी बंद होते. आत गाजरगवत माजतं. खरकट्यामागे मोकाट कुत्री येतात.

जिथे प्लॉट पडले नाहीत, तिथे झाडं लावली जातात. हे सांगणं जड जातं, कारण लावणारे मनापासून लावतात. चर खणले, ग्लिरिसिडियाची रोपं लावली. ती जगली की सावलीखाली गवत मरतं, कावळ्याला जमिनीवरची अंडी टेहळायला फांदी मिळते. पुण्याच्या टेकड्यांवर हेच होऊन गेलं आहे.

धाविक, पारव्यासारखी दिसणारी पखुर्डी, भोवत्या, सगळ्यांचीच जागा आक्रसते आहे. देशभरातल्या पक्षीनोंदींवरचा 2023चा अहवालही गवताळ भागातले पक्षी घटल्याचं सांगतो.

(दृश्य : गायरान, मेंढरं)

सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. बाकीचा माळ वनखात्याकडे, खासगी सातबाऱ्यांवर आणि गावोगावच्या गायरानांत विखुरलेला आहे. पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामसभेत वृक्षारोपणाचा विषय निघेल. तेव्हा गायरान चराईला मोकळं ठेवा, असं उठून सांगा. झाडांना ओढ्याकाठ आहे, शेताचे बांध आहेत, शाळेचं आवार आहे.