बेतून दिलेला व्यायाम

मेंदूत गाठ असलेल्यांच्या व्यायामवर्गातली ही खुर्ची अगदी साधी आहे. तिची बैठक जमिनीपासून सुमारे ४३ सेंटिमीटर उंच असून, ती सरकू नये म्हणून पाठीकडून भिंतीला टेकवलेली आहे. हात छातीवर आडवे बांधून, कशाचाही आधार न घेता, ३० सेकंदांत किती वेळा पुरते उभे राहता येते, एवढेच येथे मोजायचे असते.

मेंदूत गाठ असलेल्या माणसाला ही खुर्ची अनेकदा जड जाते, आणि त्याचे कारण दरवेळी मेंदूतच असते असे नाही. गाठीभोवतीची सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिले जाते. त्याने डोकेदुखी कमी होते, कधी लुळा पडू लागलेला हातही पुन्हा हलू लागतो. पण हे औषध आठवडेच्या आठवडे चालले की मांड्यांचे आणि कमरेभोवतीचे स्नायू झिजू लागतात. सपाट रस्त्यावर बरा चालणारा माणूस मग जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर अडतो, संडासातून उठताना नळाचा आधार शोधतो. गाठ वाढली की काय, या धास्तीने घरचे हवालदिल होतात. ती शंका डॉक्टरांकडून तपासून घ्यायलाच हवी. मात्र दोष स्नायूंचा निघाला, तर व्यायामाला तेथे काम आहे.

हा व्यायाम बेतावा लागतो, कारण गाठीचे नाव एक असले तरी माणसे एकसारखी नसतात. गाठ लहान मेंदूत असेल तर तोल जातो. मेंदूच्या उजव्या बाजूच्या मागील भागात असेल तर काहींना डावीकडचे जगच जाणवेनासे होते, आणि दाराच्या चौकटीवर डावा खांदा पुन्हा पुन्हा आपटतो. अशा वेळी प्रशिक्षकाने डाव्या बाजूलाच उभे राहायचे असते. कपाळामागच्या भागातली गाठ तर कधी उठण्याची इच्छाच हिरावून घेते, आणि घरात त्याला आळस म्हटले जाते. हा गैरसमज मला सर्वांत क्लेशदायक वाटतो.

पथ्येही ज्याची त्याला वेगळी असतात. फिट येण्याचा धोका असलेल्याने रस्त्यावरची सायकल आणि एकट्याने पोहणे टाळायचे. त्याला जागेवरची सायकल चालते. शस्त्रक्रियेनंतरचे काही आठवडे श्वास रोखून वजन उचलायचे नाही. टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाने प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, उतरल्या असतील, तर साधे पडणेही महागात पडते.

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात कर्करोग्यांसाठी व्यायामाचा एक उपक्रम आधीपासून चालू होता. त्यातूनच कॅल्गरी येथे मेंदूत गाठ असलेल्यांसाठी ‘एस-न्यूरो’ हा १२ आठवड्यांचा कार्यक्रम आकाराला आला. तेथे रुग्णाला थेट व्यायामाला लावत नाहीत. त्याला आधी पुनर्वसनतज्ज्ञ डॉक्टरांची गरज आहे, फिजिओथेरपिस्टची आहे, की तो व्यायामाला तयार आहे, हे पारखून घेतात. नेदरलँड्समधील एका लहान चाचणीत, ग्लिओमा, म्हणजे मेंदूतील आधारपेशींपासून होणारी गाठ, असलेल्या आणि आजार स्थिरावलेल्या ३४ रुग्णांपैकी काहींना सहा महिने, आठवड्यातून तीनदा, घरच्या घरी व्यायाम करायला दिला होता. हृदयाच्या ठोक्यांच्या नोंदी इंटरनेटवरून फिजिओथेरपिस्टकडे जात आणि पुढच्या व्यायामाचा जोर त्यांवरून ठरे. हे जमण्याजोगे आहे, इतके त्यातून नक्की दिसले.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो. पुन्हा उद्भवलेला घातक ग्लिओमा असलेल्या २४३ रुग्णांपैकी जे आठवड्यातले बहुतेक दिवस अर्धा तास झपझप चालण्याइतकी हालचाल करीत, ते अधिक जगले. मात्र ज्यांची तब्येत मुळातच बरी होती तेच चालू शकत असतील, ही शक्यता उरतेच. व्यायामाने गाठ विरघळते, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

कसून घाम गाळणे हा येथील हेतू नाही. रेडिएशनच्या सहा आठवड्यांत थकवा वाढत जातो, तेव्हा वेळापत्रक बंद न करता खाली आणतात: वीस मिनिटांची दहा, दहाची पाच. श्रम किती वाटले, याला रुग्णाने शून्य ते दहा यांतला आकडा द्यायचा आणि प्रशिक्षकाने तो लिहून घ्यायचा.

बाराव्या आठवड्यात तीच खुर्ची पुन्हा भिंतीला लावली जाते. पहिल्या दिवशी कोणी सात वेळा उठला असेल आणि आजही सातच वेळा उठला, तरी त्याच्या नोंदवहीत हे यश म्हणूनच लिहिले जाते, कारण मधल्या काळात केमोचे तीन फेरे होऊन गेलेले असतात.