केल्टिक चिन्हं: कोरली कोणी आणि अर्थ लावला कोणी?

नमस्कार मंडळी!

(स्क्रीनवर: एकमेकांत गुंतलेली तीन वेटोळी)

हे चिन्ह तुम्ही कुठे ना कुठे पाहिलंच असेल. लॉकेटवर, टी-शर्टवर, टॅटूच्या अल्बममध्ये. खाली बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, 'प्राचीन केल्टिक चिन्ह, अर्थ जन्म-मृत्यू-पुनर्जन्म.' केल्ट म्हणजे युरोपातले प्राचीन लोक; त्यांच्या भाषांचा वारसा आज आयर्लंड, वेल्ससारख्या भागांत टिकून आहे. मला ही चिन्हं मनापासून आवडतात, आणि म्हणूनच त्यांच्यावर असं एका ओळीचं लेबल चिकटवलेलं बघवत नाही. आज आपण प्रत्येक चिन्हाला दोन प्रश्न विचारू. तुला कोरलं कधी? आणि तुझा अर्थ सांगितला कोणी?

सुरुवात या तीन वेटोळ्यांपासूनच. आयर्लंडच्या मीथ परगण्यात बॉइन नदीच्या खोऱ्यात न्यूग्रेंज नावाचं दगडमातीचं भलंमोठं थडगं आहे. ते बांधलं गेलं इसवी सनापूर्वी ३२००च्या सुमारास, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्याही साधारण सहाशे वर्षं आधी. आत एक अरुंद, लांब बोळ आहे आणि त्याच्या टोकाला दालन. त्या दालनातल्या एका उभ्या दगडावर ही वेटोळी कोरली आहेत. कोरणाऱ्यांकडे धातूची हत्यारं नव्हती. दगडाने दगडावर टोचे मारत मारत ही रेघ उमटली आहे.

आता हिशेब करा. ज्या शैलीला आपण केल्टिक कला म्हणतो, ती मध्य युरोपात आकाराला आली इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात. म्हणजे केल्टिक कलेचा मागमूस नव्हता, तेव्हा या वेटोळ्यांना अडीच हजारांहून जास्त वर्षं होऊन गेली होती. ज्यांनी ती कोरली, त्यांना लिपी नव्हती. त्यांनी अर्थ लिहून ठेवलेलाच नाही.

पण त्यांनी काय केलं, ते मात्र आपल्याला दिसतं. आसपासचे लोक सांगायचे की सूर्य या थडग्याच्या आत शिरतो. प्राध्यापक मायकेल ओकेली तिथे उत्खनन करत होते. २१ डिसेंबर १९६७ला ते पहाटे एकटेच आत जाऊन थांबले. दाराच्या वर एक झरोका ठेवलेला आहे. त्यातून उगवत्या सूर्याची तिरीप बोळातून सरकत थेट दालनापर्यंत पोचली. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसांत, जेमतेम सतरा मिनिटं हा प्रकाश आत असतो. अक्षरही न लिहिणाऱ्या माणसांनी हे गणित दगडात बसवलं होतं! मला तर कुठल्याही लेबलपेक्षा हे कितीतरी मोठं वाटतं.

आता गाठी.

(स्क्रीनवर: 'बुक ऑफ केल्स'चं पान)

न संपणारी गाठ म्हणजे केल्टिक, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं असतं. गंमत म्हणजे जुन्या केल्टिक ढाली, तलवारी, आरसे पाहिले तर त्यांवर वेलीसारखी वळणं आणि वेटोळी दिसतात, अशा गाठी नाहीत. गाठी आल्या इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या आसपास, ख्रिस्ती मठांमध्ये. आणि आल्या त्याही बाहेरून. भूमध्य समुद्राकडच्या रोमन फरशा, इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांची नक्षी, जर्मानिक सोनारांचं काम, अशा वाटांनी. आयरिश मठांतल्या लेखकांनी त्या घेतल्या आणि अशा उंचीला नेल्या की आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

'बुक ऑफ केल्स' म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांचं हस्तलिखित, साधारण इसवी सन ८००चं, वासरांच्या कातड्यावर लिहिलेलं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते ठेवलेलं आहे. त्यातलं ख्रिस्ताच्या नावाचं पान जरा जवळून बघा. एक पट्टी बोटाने धरून पुढे जा. एकदा वरून, मग खालून, पुन्हा वरून. हा नियम पाळत पाळत ती पानभर फिरते. आणि खालच्या कोपऱ्यात बघा, दोन उंदीर प्रसादाची गोल चकती कुरतडताहेत आणि मांजरं टपून बसली आहेत. जवळच एक पाणमांजर तोंडात मासा धरून आहे.

'ही गाठ प्रेमाची, ही शक्तीची' असं त्या भिक्षूंनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. तीन टोकांच्या गाठीला ख्रिस्ती त्रैक्याशी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या कल्पनेशी, जोडतात, ते त्या धर्माच्या चौकटीत पटण्यासारखं आहे. पण तीच गाठ स्कँडिनेव्हियातल्या रून-शिळांवरही, म्हणजे रून या जुन्या लिपीत कोरलेल्या दगडांवरही, सापडते, हेही लक्षात ठेवा.

वर्तुळातला क्रूस पाहायचा तर लाउथ परगण्यात मोनास्टरबॉइसला मुइरेडाकचा क्रूस बघा. साडेपाच मीटर उंच, अंगभर बायबलमधले प्रसंग. ते दगडी वर्तुळ आडव्या हातांना आधारही देतं. एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. वर्तुळातल्या साध्या, आखूड क्रूसाचं चिन्ह युरोप-अमेरिकेतल्या वर्णद्वेषी गटांनी उचललं आहे. परदेशात राहत असाल, तर ते अंगावर गोंदवण्याआधी दहादा विचार करा.

काही चिन्हं तर अगदी अलीकडची. आयर्लंडचे संत पॅट्रिक पाचव्या शतकातले, पण त्यांनी शॅमरॉक या तीन पानांच्या छोट्या रोपावरून त्रैक्य समजावलं ही गोष्ट छापील पुस्तकात येते १७२६ला. वेल्समधलं तीन किरणांचं 'आवेन' हे चिन्ह अठराव्या शतकाच्या अखेरीस योलो मोर्गान्वग या कवीने पुढे आणलं आणि ते प्राचीन असल्याचं सांगितलं. ते प्राचीन नाही. पण वेल्सच्या लोकांनी दोनशे वर्षं आपल्या कवींच्या सोहळ्यात ते मानाने मिरवलं आहे, त्यामुळे ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. वय तेवढं खरं सांगावं.

आता कोणी म्हणेल, मग अर्थ पक्का माहीत असलेलं काहीच नाही का? आहे ना. ओघम!

(स्क्रीनवर: कडेला खाचा असलेला उभा दगड)

ही आयर्लंडची जुनी लिपी. चौथ्या ते सहाव्या शतकातल्या दगडांच्या कडांवर ती कोरलेली सापडते, विशेषतः केरी आणि कॉर्क भागात. मूळ अक्षरं वीस. दगडाची कड हीच रेघ, आणि तिच्या उजवीकडे, डावीकडे, तिरप्या किंवा नेमक्या कडेवर एक ते पाच खाचा. वाचायचं खालून वर. बहुतेक दगडांवर नावंच आहेत, अमक्याचा मुलगा तमका.

करून बघू. नाव घेऊ 'अनिल'. एक उभी रेघ ओढा. खालून सुरुवात. 'अ'साठी रेघेवर एक ठिपका. 'न'साठी उजवीकडे पाच आडव्या रेघा. 'इ'साठी रेघेवर पाच ठिपके. 'ल'साठी उजवीकडे दोन रेघा. झालं! गोंदवायचंच असेल, तर स्वतःचं नाव असं लिहून बघा. बाकीची सोळा अक्षरं पुढच्या व्हिडिओत.