टापांखालचा माळ

[पहाट. नान्नजचा माळ. वाऱ्यावर गवत]

सोलापूरहून वीसेक किलोमीटर. गुडघाभर कुसळीतून दहा पावलं चाललं की कुसळं कपड्यांत रुततात, मग घरी जाऊन एकेक उपसत बसायचं. दूर काळविटांचा कळप माना वर करून आपल्याकडं बघतोय. अशा रानाला आपण वर्षानुवर्षं 'पडीक' म्हणत आलो.

[रिंगण. धावणारा अश्व]

आपल्याकडं घोडा म्हटलं की अकलूजचा बाजार आठवतो, नाहीतर पुरंदावड्याचं रिंगण. माउलींचा अश्व धावून गेला की बायाबापड्या वाकतात आणि टापांखालची माती कपाळाला लावतात.

[मंगोलियाची गवताळ कुरणं]

मंगोलियातल्या रानघोड्याचं नाव तखी. ठेंगणा, मातकट, ताठ उभ्या आयाळीचा. १९६९ नंतर तो मोकळ्या रानात दिसेनासा झाला. वाचले ते प्राणिसंग्रहालयांतले थोडेच. त्यांचाच वंश वाढवला, आणि १९९२ मध्ये विमानातून हे घोडे हुस्ताईच्या टेकड्यांवर परत आले. पिंजऱ्यात जन्मलेलं जनावर पुन्हा बर्फात, लांडग्यांच्या रानात राहायला शिकलं!

घोडा रवंथ करत नाही. त्यामुळं वाळकं, भरड गवतही तो ढीगभर खातो आणि पचेल तेवढं पचवून पुढं जातो. वरचा वाळका थर निघाला की खालच्या कोंबाला ऊन लागतं, वणव्याला जळण कमी पडतं. लिदीतून बिया लांबवर जातात, त्याच लिदीवर शेणकिडे जगतात. स्पेनच्या डोंगराळ भागात गावं ओस पडली, गुरं गेली, झुडपं माजली. तिथंही २०२३ मध्ये हेच घोडे सोडले.

[पुन्हा नान्नज]

मग इथं घोडे सोडायचे? नाही. हा माळ त्यांचा नव्हे. इथं चरायचं काम काळविटांचं आहे, आणि बेतानं चारली तर धनगराच्या मेंढरांचंही. माळढोकासाठी १९७९ मध्ये इथं अभयारण्य झालं. त्या पक्ष्याला चहूकडं मोकळी नजर लागते. तरी गवताच्या जागी गिरिपुष्पाची झाडं लावली गेली. लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल, पण गवताळ रानाला झाडांची सावली म्हणजे अतिक्रमणच. माळढोक आता क्वचितच दिसतो.

[जमिनीलगत कॅमेरा]

हा काळविटाच्या लेंड्यांचा ढीग. नर रोज इथंच येतो, ही त्याची हद्द. भोवतालचं गवत कुरतडलेलं आहे. परवाच पाऊस पडून गेला, आणि तुटलेल्या टोकाशेजारून नवं पातं वर आलंय.