देवीचं पाणी आणि बाथ शहर

मंडळी, विषय पत्रिकेत छापलाय: बाथचं वैभव आणि बाथपुढचे प्रश्न. प्रश्नांकडे येतोच, पण आधी आईची गोष्ट सांगू द्या.

आईचं माहेर राजापूरकडचं. उन्हाळे गावच्या गरम पाण्यात लहानपणापासून न्हालेली ती. इंग्लंडमधल्या बाथला तिला घेऊन गेलो. समोर रोमनांनी बांधलेलं मोठं कुंड, हिरवंगार पाणी, वर वाफ. तळाला रोमनांनीच अंथरलेला शिशाचा पत्रा अजून आहे. आई काठाशी वाकली, डोळ्यांना पाणी लावायला बोटं बुडवणार, तोच तिथल्या माणसाने आडवा हात घातला. आई हळूच म्हणाली, "अरे, देवीचं पाणी आणि हात लावायचा नाही?"

देवीचं मी तिला काही सांगितलं नव्हतं हो! पण देवी होतीच. सुलिस. रोमनांनी तिला आपल्या मिनर्व्हा देवीशी जोडलं आणि गावाला नाव दिलं आक्वे सुलिस. लोक तिच्या झऱ्यात शिसं-कथलाच्या पातळ पत्र्यांवर गाऱ्हाणी लिहून टाकायचे. असे सुमारे 130 पत्रे सापडलेत. डॉसिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे चोरीला गेले. तो देवीला म्हणतो, चोराचं डोकं फिरू दे, डोळे जाऊ देत. दोन हातमोज्यांसाठी! आपल्याकडच्या गाऱ्हाण्यात आणि यात फरक काय?

(सभागृहातून : व्हय म्हाराजा!)

बरोबर!

आईला अडवणाऱ्या त्या माणसाचं मात्र चुकलं नव्हतं. 1978 मध्ये तिथे पोहलेली एक मुलगी पाण्यातल्या अमीबामुळे मेंदूज्वर होऊन गेली आणि आंघोळी बंद झाल्या. पुढे खोल बोअर घेऊन स्वच्छ पाणी मिळवलं, नवं स्नानगृह उघडलं ते 2006 मध्ये. ज्या गावाचं नावच आंघोळ, तिथे 28 वर्षं गरम झऱ्याच्या पाण्यात कुणाला उतरता आलं नाही. हे मला फार लागतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली. तर प्रश्न. 1987 पासून अख्खं शहर जागतिक वारसा. रॉयल क्रेसेंटची 30 घरांची चंद्रकोर जपायलाच हवी, पण सुमारे 5,000 संरक्षित इमारतींत खिडकीची काच बदलायलाही परवानगी लागते, आणि हिवाळ्यात ती घरं गारठतात. शहर टेकड्यांच्या खोलग्यात, त्यामुळे धूर कोंडतो. म्हणून 2021 पासून जुन्या, धूर ओकणाऱ्या टॅक्सी, व्हॅन, बसना पैसे पडतात, खासगी मोटारींना नाही. पर्यटकांना भाड्याने दिलेली घरं, दोन विद्यापीठांचे विद्यार्थी. तिथेच काम करणाऱ्याला घर परवडत नाही.

आणि पायाखाली रोज 11 लाख लिटरांहून जास्त पाणी 46 अंशांनी उसळतं. हजारो वर्षांपूर्वी मेंडिपच्या टेकड्यांवर पडलेला पाऊस तो! बराचसा एव्हन नदीत जातो. बाथ अॅबी या जुन्या चर्चने रोमन नाल्यातून वाहणाऱ्या याच पाण्याची ऊब घेऊन आपली फरशी तापवली आहे. माझं म्हणणं एवढंच, ती ऊब आसपासच्या गारठलेल्या घरांपर्यंत नेता येते का, ते शहराने बघावं. दगड त्यांनी मनापासून जपला, आता पाण्याकडे वळावं. नकाशा आणलाय, चहाच्या वेळी नाला कुठून जातो ते दाखवतो.